हेडर हातानेच फोडा!

मेल सर्व्हरच्या कोडमध्ये स्वतःचं एखादं हेडर, म्हणजे मेलच्या वरची 'नाव: माहिती' अशी ओळ, लिहायचंय, वाचायचंय? सोपं आहे.

आधी आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज, वाचू नका. कुणी ५३२२ हा मेलच्या आरएफसीचा आकडा उच्चारलाच, तर "प्रॅक्टिकल बोला" म्हणा.

नावाला 'एक्स-' लावाच. नव्या हेडरांना ते लावू नका, असं आरएफसी ६६४८ मध्ये २०१२ सालीच सांगून झालंय, पण आपण जुन्या वळणाची माणसं.

नाव जुळवताना कॅपिटल-स्मॉल काटेकोर पाहा. स्टँडर्डला फरक पडत नसेल, आपल्याला शिस्त प्यारी.

मेल वाटेत बदलली नाही हे सांगणारी डीकेआयएमची सही झाल्यावर सब्जेक्टमध्ये 'बाहेरची मेल' चिकटवा.

फॉर्ममधला मजकूर न तपासता हेडरात ओता. कुणी त्यात नवी ओळ घालून बीसीसी (गुपचूप प्रत जाणारे पत्ते) लिहिलं, तर तुमच्या सर्व्हरकडून तेवढीच समाजसेवा.

आणि हेडर फोडून वाचणारा पार्सर? मजकूर ओळींवर तोडा, ओळ कोलनवर तोडा, झालं! स्पेस किंवा टॅबने सुरू होणारी ओळ आधीच्याच हेडरची असते, हे १९८२ पासून लिहून ठेवलंय; पण एवढं जुनं कोण वाचतं? ओळ ७८ अक्षरांच्या पुढे गेली की वाटेतला एखादा सर्व्हर तिला घडी घालतो, म्हणजे तोडून पुढच्या ओळीवर नेतो. गेल्या आठवड्यात आमच्या हेडरला घातली. ग्राहकाचा लांबलचक कोड पहिल्या ओळीत राहिला, तिकीट नंबर दुसरीत गेला. दुसरीत कोलन नाही, म्हणून असा पार्सर लिहिणाऱ्या आमच्या महाशयांच्या कोडने ती सरळ फेकून दिली. एरर नाही, वॉर्निंग नाही. लॉगमध्ये ऐटीत 'हेडर मिळालं'! ग्राहकाचं प्रत्येक उत्तर नवं तिकीट उघडतंय आणि मी तीन रात्री डेटाबेसवर संशय घेत बसलोय. विचारलं तर, "माझ्या मशीनवर चालतं." चालणारच! तिथे ग्राहकाचं नाव 'टेस्ट' आहे!

अरे, तयार पार्सर असताना हा उद्योग सांगितला कुणी? पायथनसोबत ईमेल मॉड्यूल फुकट येतं. तेही वापरलंत तर पॉलिसी (हेडर कसं वाचायचं ती सेटिंग) न देता, म्हणजे घडीतली नवी ओळ व्हॅल्यूत तशीच! 'डिफॉल्ट' पॉलिसी स्वतःहून द्यावी लागते, नाव काहीही असो. दोन मिनिटं डॉक्युमेंटेशन वाचा. एकदा तरी घडी पडलेलं हेडर घेऊन टेस्ट लिहा. लोकांची उत्तरं हरवतायत, आणि दुरुस्ती कधी विचारलं तर म्हणे तिकीट टाका. कुठे टाकू? नंबर तर तुम्हीच खाताय!