‘भरल्या पोटाची मूल्यं’: चाकरमानी यांना उत्तर

नमस्कार चाकरमानी (नाव तुम्ही एवढंच दिलंय, तेव्हा मीही तेच चालवतो),

आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते ओळखून जगावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. उदाहरण दिलं होतं कार्बाइडची पुडी न टाकता पिकवलेल्या आमच्या हापूसचं. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही भरल्या पोटाची मूल्यं. घरात बायकोचा पगार येत असला की तत्त्वं परवडतात, आणि त्यातला निम्मा तर नुसता हट्ट. तीन दिवस उत्तर दिलं नाही. पहिल्या दिवशी राग आला म्हणून, पुढचे दोन दिवस काढणी चालू होती म्हणून.

पगाराचं खरं आहे. बायको शिक्षिका आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची सोळा कलमं मुळासकट आडवी झाली, त्यानंतर दोन वर्षं घर तिनेच ओढलं. लेखात हे यायला हवं होतं. तो वाचून ती म्हणाली होती, “तत्त्व तुमचं नि हप्ता माझा, हे नाही लिहिलंत?” म्हणजे तुमची तक्रार घरात आधीच दाखल झालेली आहे.

आमच्या दापोलीकडे असा विषय निघाला की धोंडो केशव कर्वे आठवतातच. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. गोष्ट आपण कर्व्यांची सांगतो. पण ते पुण्यात होते. गावात रोज तोंड दाखवायचं होतं ते आई-भावाला.

आता हट्ट. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर एका व्यापाऱ्याचा फोन आला, चार दिवसांत रंग हवा. माळ्यावर पेंढ्याच्या अढीत आंब्याला आठ-दहा दिवस लागतात. रोज हात घालून चाचपायचं. एक डागी राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो. “पुडी टाक की, कोण बघतंय?” व्यापारी म्हणाला. पुडीने रंग येतो, पण कापलात तर कोयीजवळ आंबट लागतो. शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून तर त्यावर बंदी आहे. मी नाही म्हटलं. तो माल शेवटी किलोच्या भावाने कॅनिंगला गेला. याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण फळं पिकवायच्या इथिलीन वायूचं काय? २०१६ पासून त्याला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे, आणि पिकताना आंबा तो वायू स्वतःच सोडत असतो. रायपनिंग चेंबरमध्ये बाहेरून देतात, इतकंच. तरी मी ‘आमच्याकडे फक्त अढी’ म्हणत फिरलो. ते मूल्यबिल्य काही नव्हतं, मिरवणं होतं. गेल्या हंगामात निम्मा माल चेंबरला दिला. गिऱ्हाइकांना सांगून.

भरल्या पोटाचं मात्र मला पटत नाही. तुम्हीच शेवटी लिहिलंय, बारावीनंतर मुंबई गाठली आणि तीन भावंडांची शिक्षणं केलीत. त्याला तुम्ही नाइलाज म्हणता. गाव सोडणारे सगळेच घरी पैसे पाठवत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि माझी आई. मी लहान असताना ती पडवीत बसून कुळीथ विकायची. आमच्याकडे तेव्हा रात्री पेज असे, सोबत असलंच तर सुकटाची चटणी. पायली भरली की वरून हात फिरवून सपाट करायची, ही सगळ्यांची रीत. आई वर रास ठेवून शीग लावायची. आजी आतून ओरडायची, “अगो, पोरांच्या तोंडचं देतेस!” आई म्हणे, “सपाट पायली मला बघवत नाही.” घेणारी ओटी पसरून उभी असायची. शीग घसरून दाणे खाली सांडत, ते मी वेचायचो आणि मुठीत धरून आत पळायला बघायचो.

“ते पण तिचेच,” आई म्हणायची.