कोडियाकच्या हरणांबद्दलही लिहायला हवं होतं

हरणांच्या शिंगांवरचा तुमचा लेख आवडला, पण ती वेडीवाकडी होण्यामागे फक्त जखम आणि कुपोषण एवढंच दिलंय ते अपुरं वाटलं. अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या सिटका ब्लॅक-टेल्ड हरणांची केस बघा. तिथल्या अलियुलिक द्वीपकल्पावर 94 नर तपासले तर 61 जणांची दोन्ही वृषणं खाली उतरलेलीच नव्हती, पोटातच राहिलेली, आणि त्यातल्या 70 टक्के नरांची शिंगं पण बिघडलेली. बाकी द्वीपसमूहात मात्र वृषणं अशी पोटात राहिलेले नर 65 पैकी फक्त 5! 2006 ला हा अभ्यास छापून आलाय.

मुळात शिंगांचा सगळा कारभार टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे वृषणांत तयार होणाऱ्या नर-हार्मोनवर चालतो, आपल्या चितळ-सांबरांचं पण तेच, ते कमी पडलं की शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ, केसाळ कातडी) सुकून गळतच नाही. संशोधकांना जास्त संशय होता तो गाभण माद्यांच्या पोटात इस्ट्रोजेनसारखं (मादी-हार्मोनसारखं) काहीतरी जात असावं याचा, कदाचित त्या खातात त्या केल्प नावाच्या मोठ्या समुद्री शेवाळातून, पण या कळपांच्या एखाद्या मूळ पूर्वज जनावरातलं म्युटेशन (जनुकातला बदल) पिढ्यानपिढ्या उतरलं असेल ही शक्यताही त्यांनी सोडली नाही. मला सगळ्यात जास्त हे लागलं की पोटातल्या वृषणांमध्ये ट्यूमर पण सापडले, आणि हे सगळं माणसांची वस्ती जवळपास नसलेल्या अभयारण्यात. प्लीज यावर एक वेगळा लेख लिहाच.