तारामासा म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे, आणि त्या फॉरवर्डमधल्या बाकीच्या थापा

रविवारी सकाळी सकाळी ताईचा मेसेज. "हे खरंय का रे? हा पोरगा हे सगळं आणायला आत्ता कुर्ल्याला निघालाय." आणि खाली तो फॉरवर्ड. खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक ठेवणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा गेल्या दोन महिन्यांत चार वेळा तरी नजरेखालून गेला असेल, चारही वेळा म्हटलं जाऊ दे, कोण डोकं लावणार. पण आता आमच्याच भाच्याने तो मनावर घेतलाय म्हटल्यावर गप्प बसवेना.

ज्यांना अजून आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. "वाळू साफ करायची कटकट कायमची संपवा! ५० गॅलनच्या टँकला १ तारामासा, १ समुद्री काकडी, १ गोबी, ५० हर्मिट आणि ५० नॅसेरियस गोगलगायी टाका. हे सगळे माशांची शी खातात, सायफन विसरा. वाळू सहा इंच भरा, नायट्रेट शून्य होईल. वाळूत किडे दिसले तर लगेच काढून टाका." आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसकट, "दुकानात पैसे घालवू नका, यातलं निम्मं आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळतं." (सायफन म्हणजे नळीने वाळूतली घाण ओढून काढणं, हर्मिट म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, आणि गोबी म्हणजे वाळू चाळणारा छोटा मासा.)

भाच्याचा टँक तीन फुटी, दीड बाय दीड, म्हणजे बरोबर ते पन्नास गॅलन, आपल्या भाषेत साधारण १९० लिटर. टँक लावून पाच आठवडे झालेत, दोन क्लाउनफिश, कोरडा दगड, दीड इंच वाळू. आणि त्या पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढलाय म्हणून साहेब हवालदिल. आता हे वाचताना कोणीही दोन वर्षं टँक ठेवलेला माणूस हसेल, कारण तो थर म्हणजे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकमध्ये पाण्यात सिलिकेट असतं त्यावर ते वाढतात आणि ते संपत आलं की बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. म्हणजे ज्या रोगावर हे औषध चाललंय तो रोगच नाहीये.

तरी मुद्दे घेऊ.

"हे सगळे माशांची शी खातात." नाही खात. यादीतला एकही प्राणी शी खाण्यासाठी जगत नाही. आणि समजा काकडीने वाळूबरोबर थोडी गिळली, तर तिच्याही दुसऱ्या टोकाने काहीतरी बाहेर येणारच ना? टँकमध्ये गेलेलं नायट्रोजन कोणाच्या पोटातून गेलं म्हणून नाहीसं होत नाही, ते अमोनिया होतं, मग नायट्राइट, मग नायट्रेट, आणि नायट्रेट बाहेर काढायचं तर पाणी बदला नाहीतर ते खाणारे बॅक्टेरिया किंवा शेवाळ वाढवा. गोगलगाय म्हणजे नगरपालिकेची घंटागाडी नाही, ती कचरा घेऊन टँकच्या बाहेर जात नाही. सायफन विसरा म्हणे.

आता तारामासा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात माझेच हात पोळलेत.

वाळूत शिरणारा जो तारामासा दुकानात मिळतो तो बहुतेक वेळा ॲस्ट्रोपेक्टन. या कुळाबद्दल प्राणिशास्त्राच्या पुस्तकात एक गंमत दिलेली असते जी त्या फॉरवर्डवाल्याने वाचली असती तर बरं झालं असतं. याला गुदद्वार नसतं. मागचं दारच नाही. हा शिकारी आहे, वाळूतले छोटे शिंपले, गोगलगायी, किडे अख्खेच्या अख्खे गिळतो, आत पचवतो आणि रिकामे शिंपले ज्या तोंडाने घेतले त्याच तोंडाने बाहेर टाकतो. आणि हा म्हणे तुमच्या वाळूतली शी साफ करणार! अरे, हा साफ करतो तो वाळूतला जिवंत माल. जे खरोखर कचरा खातात त्यांनाच हा खातो. चार-सहा महिन्यांत वाळू दिसायला चकचकीत आणि आतून स्मशान, आणि मग खायला काही उरत नाही म्हणून तो स्वतःही उपाशी मरतो.

माझा असाच गेला. तेव्हा माझा टँक भाच्यापेक्षा थोडाच मोठा होता, दुकानदार म्हणाला घ्या, वाळू एकदम मस्त ठेवतो, आणि खरंच पहिले दोन महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतो. मग तो वाळूच्या वर जास्त दिसायला लागला, मला वाटलं माणसाळला. नंतर एका हाताचं टोक झडल्यासारखं झालं. एके दिवशी दिसेना, वाळूत असेल म्हणून मी आठवडाभर निवांत, आणि तो दगडाच्या मागे विरघळत पडलेला. अमोनिया वर गेला, एक मासा गेला. दुकानदाराला काय बोलणार, त्याने विकलं, मी घेतलं, वाचलं दोघांनीही नव्हतं. जाणते हौशी लोक शंभर गॅलनच्या खालच्या, नव्या टँकला हा नकोच म्हणतात, आणि भाच्याच्या टँकला तर वाळूचा पृष्ठभाग जेमतेम साडेचार चौरस फूट. पाच आठवड्यांच्या त्या वाळूत त्याने खायचं काय?

यात अजून एक विनोद आहे. त्याच फॉरवर्डमध्ये पुढे सहा इंच वाळू भरून नायट्रेट शून्य करायला सांगितलंय. जाड थराची कल्पना खोटी नाही, हे कबूल करतो, जड मनाने पण करतो. खालच्या थरात ऑक्सिजन कमी होतो आणि तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. पण या पद्धतीचा अमेरिकेत सगळ्यात जास्त पुरस्कार ज्याने केला तो रॉनल्ड शिमेक, हा अपृष्ठवंशी प्राण्यांचा रीतसर अभ्यासक, कुठला युट्यूबर नव्हे. तो वर्षानुवर्षं काय सांगत आला? की बारीक वाळू घ्या, थर जाड ठेवा आणि त्यात किडे, छोटे कवचधारी, गोगलगायींची पिल्लं अशी भरगच्च वस्ती होऊ द्या, कारण तीच वस्ती कचरा बारीक करते आणि थर पोकळ ठेवते. आणि म्हणूनच वाळू उपसणारे शिकारी, म्हणजे हाच तारामासा, तिथे घालू नका. म्हणजे फॉरवर्डचा एक मुद्दा दुसऱ्या मुद्द्याचं पोट फाडतोय. लिहिणाऱ्याने दोन ठिकाणाहून उचललं आणि शिवलं, बाकी काही नाही.

"किडे दिसले तर काढा" हेही त्यातच आलं. ते केसाळ किडे, ब्रिसलवर्म, दिसायला किळसवाणे आहेत मान्य, उघड्या हाताने धरले तर बोटात काटे घुसून दोन दिवस आग होते तेही मान्य. पण उरलेलं अन्न आणि माशांची घाण खाणारं टँकमध्ये कोणी असेल तर तेच. संपूर्ण यादीत ज्यांना हाकलायला सांगितलंय तेच खरे कामाचे निघाले, वा!

पन्नास हर्मिट आणि पन्नास नॅसेरियस. "गॅलनला एक" हा हिशोब कुठून आला ते माहीत असेल तर मला सांगू नका, त्रास होईल. हर्मिटला मोठं झालं की नवा शंख लागतो, नाही मिळाला की तो गोगलगायीला मारून तिचा घेतो. पन्नास भाडेकरू आणि पन्नास घरमालक एकाच चाळीत कोंडल्यावर काय होणार ते सांगायला नको. नॅसेरियस मात्र चांगला प्राणी, याबद्दल फॉरवर्डला अर्धा मार्क. दिवसभर वाळूत गाडून बसतो, फक्त नळी वर, आणि कोळंबीचा तुकडा पडला की भुतासारखे सगळे एकदम वर येतात, बघायला धमाल. पण तो खातो मेलेलं आणि उरलेलं मांस. तपकिरी थराला तोंडही लावणार नाही. त्या टँकला चार-पाच पुष्कळ झाले, तेही नंतर.

गोबीचं म्हणाल तर तो वाळू खरंच पांढरीशुभ्र ठेवतो, तोंडात घेतो, कल्ल्यांतून चाळतो आणि सोडतो. पण चाळून तोही आतले जीवच खातो, ते संपले की दिवसातून दोन-तीन वेळा फ्रोझन खाऊ घालावं लागतं नाहीतर पोट खपाटीला. शिवाय वाळू उधळून दगडांवर ओततो आणि झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर सुकलेला सापडतो. भाच्याच्या टँकला झाकण नाही. झालं.

आता ती शेवटची ओळ, किनाऱ्यावरून फुकट आणा. बाकी सगळ्यात पैसे जातील, मासे जातील, यात माणूस आत जाऊ शकतो. समुद्री काकडीच्या सगळ्या जाती पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात घातल्या. पकडणं, जवळ बाळगणं, विकणं, सगळा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. "मी खायला नाही नेली, टँकसाठी नेली" हे तिथे चालत नाही. चीन आणि आग्नेय आशियात वाळवलेल्या काकडीला प्रचंड भाव, त्यामुळे चोरटी शिकार इतकी, की लक्षद्वीपला २०२० मध्ये खास तिच्यासाठी समुद्रात राखीव क्षेत्र करावं लागलं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बऱ्याच काकड्या घाबरल्या किंवा पंपात अडकून फाटल्या की अंगातलं विष सोडतात आणि बंद टँकमधले मासे तासाभरात उलटे होतात. ज्या टँकमध्ये वेव्हमेकरला (पाणी हलवणाऱ्या पंपाला) जाळी नाही तिथे ती टाकायची म्हणजे कमाल आहे.

आणि किनाऱ्यावरून शंख उचलायचे म्हणे. अरे, कोन शंखही आपल्या किनाऱ्यावर आहेत. सुंदर नक्षी, निमुळता आकार, आणि आत विषारी दात जो तो भाल्यासारखा मारतो. यातल्या सगळ्यात घातक जातीने जगात माणसं मेलेली आहेत. आता सुट्टीत अलिबागला गेलेल्या कोणाच्या तरी सात वर्षांच्या पोराला "गोगलगाय शोध, टँकला हवी" म्हणून ओहोटीच्या खडकांवर सोडलंय असं डोळ्यांपुढे आणा. मला ताईला उत्तर लिहिताना खरा राग आला तो इथे. मुंबईत ओहोटीच्या वेळी किनारा दाखवायला नेणारे लोक आहेत, मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले, त्यांच्याबरोबर जा, बघा, फोटो काढा, जिथलं तिथे ठेवा. ॲस्ट्रोपेक्टन पण बघायला मिळेल कदाचित, वाळूत, जिथे त्याला खायला आहे.

भाच्याला फोन केला तेव्हा तो ठाण्याला गाडी बदलत होता. म्हणाला मामा, मग वाळू तपकिरीच ठेवू? म्हटलं हो, अजून महिनाभर ठेव. लाइट आठ तासांवर आण, नळाचं पाणी वापरत असशील तर आरओचं घे, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना वाळूचा एक तृतीयांश भाग सायफन कर, पुढच्या आठवड्यात पुढचा, म्हणजे सगळी वस्ती एकदम उपसली जात नाही. दीड इंच वाळूला एवढं बास. डायटम गेल्यावर हिरवं काही उरलंच तर दोन-तीन सेरिथ गोगलगायी घे, आणि टँक सहा-आठ महिन्यांचा झाला की एक कॉन्च, म्हणजे शंखातली मोठी गोगलगाय, एकच, तो वाळूवरचा थर खरंच चरतो, आणि दिसतो पण मजेशीर, सोंड लांब करून डोळे फिरवत बसतो.

"आणि आत्ता काय घेऊ? इथवर आलोय तर."

झाकणाला जाळी घे म्हटलं. आणि तो फॉरवर्ड ज्या मित्राने पाठवला त्याला हे पाठव.