दिसते मराठी, आहे भलतंच

आज पुन्हा एक भरतीची जाहिरात पीडीएफमध्ये आली. अधिकृत संकेतस्थळावरची, सही-शिक्का सगळं जागच्या जागी. मैत्रिणीच्या धाकट्या भावाने ती उघडली. त्याला दिसत नाही. संगणकावरचा मजकूर एनव्हीडीए हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर त्याला बोलून दाखवतं. या जाहिरातीचं जे काही बोललं गेलं ते ना मराठी होतं ना इंग्रजी. अर्जाची शेवटची तारीख कळायला पदवीधर मुलाला फोन करून कुणाला तरी ‘एवढं वाचून दाखव’ म्हणावं लागलं.

कारण जुनंच आहे. जाहिरात कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलीत साठवला जातो तो इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच अक्षरांनी. फॉन्ट त्यांच्यावर फक्त म, र, काना, ठ आणि वेलांटीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो, यंत्राला खालचा चेहरा. म्हणून वाचक-सॉफ्टवेअर बरळतं, म्हणून गूगलवर मराठीत शोधून ही जाहिरात सापडत नाही, आणि म्हणूनच त्यातला परिच्छेद व्हॉट्सॲपवर चिकटवला की कचरा उमटतो. खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो: दोन ओळी कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं आली तर ती मराठी नव्हतीच.

यावर उपाय आहे युनिकोड: प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक. त्यात देवनागरी १९९१पासून आहे. ई-प्रशासनासाठी युनिकोडच वापरायचं हे केंद्राने २००९ साली ठरवलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ म्हणतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूरही सुगम हवा. कागदावर सगळं आहे हो! आणि तरी त्या पोराने शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करत बसायचं.

मान्य, पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी जमत नव्हती आणि छापखाने वर्षानुवर्षं त्यावरच चालले. पण त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला ती २०१२च्या सीएस-६ पासून जमते, फक्त परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय लावावा लागतो. तो न लावता ‘युनिकोडमध्ये जोडाक्षरं फुटतात’ म्हणून बोंब मारणारे मला रोज भेटतात. फुकटातलं हवं तर स्क्रायबसची १.६ आवृत्ती आहे. फॉन्टचं म्हणाल तर नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे, छापा, पीडीएफमध्ये घाला, संकेतस्थळावर लावा, कुणी पैसे मागत नाही. तेव्हा खर्चाचं रडगाणं पुरे.

टायपिस्टवर मात्र राग काढू नका. त्यांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळरचनेवर बसलेली असतात आणि ‘युनिकोड म्हणजे सगळं नव्याने शिका’ असंच त्यांना सांगितलं जातं. ते खरं नाही. रेमिंग्टनचीच कळरचना युनिकोडमध्येही मिळते, बोटांना फारसं नवं शिकावं लागत नाही. हे त्यांना शांतपणे बसून दाखवणारं माणूस कार्यालयात नसतं, एवढंच.

जुन्या फाइली बदलताना एक गोष्ट हमखास बिघडते. कृतिदेवचा मजकूर आणि त्याच कागदातला खरा इंग्रजी मजकूर, आत दोन्ही इंग्रजी अक्षरंच. सगळं एकदम परिवर्तकात, म्हणजे कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या साधनात, ओतलं की ईमेलचे पत्ते आणि इंग्रजी नावांचा चिवडा होतो. म्हणून आधी लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये फॉन्टनुसार शोधून कृतिदेवचा भाग वेगळा काढायचा, तेवढाच परिवर्तकात घालायचा. मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घालायचे. कृतिदेवमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. परिवर्तक चुकला तर इथेच चुकतो, तेही जोडाक्षरापाशी. विरामचिन्हंही तपासा, कारण कृतिदेवमध्ये बरीच चिन्हं अक्षरांच्या कामाला जुंपलेली असतात. मूळ फाइल पुसू नका.

कागद स्कॅन केलेलाच असेल तर किमान ३०० डीपीआयवर करा आणि टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषा मराठी सांगा. हिंदीवर ठेवलं तर ळ आणि ॲ-ऑ असलेले शब्द जास्त बिघडतात.

पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून जाऊ नका. लिबरऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट’ करून ‘टॅग्ड पीडीएफ’वर खूण करा, म्हणजे मथळे आणि तक्त्यांची रचना टिकते. एवढं करूनही पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी कधीकधी विस्कटते, कारण पीडीएफ अक्षरं नव्हे तर त्यांचे आकार क्रमाने ठेवते. हे मी नाइलाजाने कबूल करते. त्यावर उपाय एकच: तोच मजकूर शेजारी साध्या वेबपानावर द्या. पानाचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे असं पानातच जाहीर करा, नाहीतर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ए-ची (à) रांग उमटते. आणि एचटीएमएल टॅगला भाषा ‘एमआर’ लिहा. त्याने वाचक-सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात. दोन अक्षरं टाइप करायची आहेत. दोन! ती नसतील तर या मुलाचं सॉफ्टवेअर शुद्ध युनिकोड मराठीही हिंदीच्या सुरात वाचू शकतं.

उद्या त्या कार्यालयाला मेल करणार आहे. तक्रार कमी आणि वरच्या पायऱ्या जास्त, कारण नुसत्या तक्रारीला ‘पीडीएफ तर उघडतेय’ एवढंच उत्तर येतं. ज्यांच्या ओळखीचं कुणी संकेतस्थळं सांभाळतं त्यांनी या पायऱ्या खुशाल उचलाव्यात, माझं नाव लावायची गरज नाही.

ता.क. युनिकोड वापरणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ-वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, काही जण हिंदीचा ‘ऍ’ वापरत, आणि ही तिन्ही यंत्राला वेगवेगळी. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’चंही तेच: पहिल्यात नुक्त्याचा ऱ आहे, दुसऱ्यात साध्या र-मागे न दिसणारं जोडचिन्ह. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची रूपं सारखी करणारी युनिकोडची प्रक्रिया, चालवलं तरी ही रूपं एक होत नाहीत, शोध लिहिणाऱ्याला नियम हाताने घालावा लागतो. नवं लिहिताना ॲ आणि ऱ्या घ्या. जुनं शोधताना सगळी रूपं टाकून बघा.