खुलासा : ‘माझी कधी चूकच झाली नाही’ असं इंटरव्ह्यूत सांगू नका

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की इंटरव्ह्यूत ‘तुमची एखादी चूक सांगा’ म्हटलं तर ‘माझी कधी चूकच झाली नाही’ म्हणायचं. पोरांनो, हे चुकीचं आहे, कृपा करून पुढं पाठवू नका.

हा प्रश्न तुम्हाला अडकवायला नसतोय, चूक झाल्यावर तुम्ही काय करताय ते बघायला असतोय. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर शिकत होतो तेव्हा जुन्या ड्रॉइंगवर सहा बुश (नळीसारखे गोल पार्ट) काढले, एक पण बसेना, मग मशीन बंद करून सुपरवायझरना स्वतः जाऊन सांगितलं आणि तेव्हापासून मशीनवर जॉब लावायच्या आधी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, म्हणजे ते कितव्या सुधारणेचं आहे ते, बघतोय. पुढच्या इंटरव्ह्यूत हेच सांगितलं, दीड-दोन मिनिटात.

उत्तर द्यायची स्टार (STAR) पद्धत म्हणतात ती हीच की, प्रसंग (Situation), जबाबदारी (Task), केलेलं काम (Action), निकाल (Result). जास्त वेळ केलेल्या कामाला द्या, आणि तिथं ‘आम्ही केलं’ नको, ‘मी केलं’ म्हणा. पाठ केलेलं उत्तर तर ‘मग सुपरवायझर काय म्हणाले?’ एवढं विचारलं तरी कोसळतंय.