सीआरपी उतरला म्हणून टूडी इको रद्द करू नका

कावासाकी या लहान मुलांच्या, तापाबरोबर रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या आजारातून उठलेल्या मुलांच्या आईवडिलांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. परवा तो माझ्या मावसबहिणीकडे पोचला आणि तिचा लगेच फोन आला, "ताई, सीआरपी तर नॉर्मल आलाय. मग पुढच्या आठवड्यातला इको रद्द करू का?" सीआरपी म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे. आयव्हीआयजीचं, म्हणजे प्रतिपिंडांच्या प्रथिनाचं, सलाईन घेऊन नुकताच घरी आलाय, ॲस्पिरिन चालू आहे.

मेसेज थोडक्यात असा: सीआरपी नॉर्मल झाला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या सुरक्षित, पुढचे टूडी इको निव्वळ पैसे काढण्यासाठी. सीआरपी १० च्या आत असेल तर कावासाकी नसतोच. पाचही लक्षणं दिसल्याशिवाय उपचार घेऊ नका. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) वाढल्या म्हणजे ताकद भरून येतेय. ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) खाली आला नाही तर आयव्हीआयजी वाया गेलं. आणि लहान मुलांना ॲस्पिरिन म्हणजे विष, ताप गेला की बंद करा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हे सगळे आकडे रोज माझ्या हाताखालून जातात. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच ते जे बोलत नाहीत ते त्यांच्या तोंडी घातलेलं मला सहन होत नाही.

"सीआरपी नॉर्मल, म्हणजे रक्तवाहिन्या सुरक्षित"

या एका वाक्यापायी मूल दगावू शकतं, म्हणून आधी हेच घेते.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ या रसायनाचा निरोप यकृताला पोचतो आणि सीआरपी भराभर वाढतो. निरोप थांबला की रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण १९ तासांत निम्मं होतं, पुढच्या १९ तासांत त्याच्या निम्मं. त्यामुळे दाह शमला की काही दिवसांतच आकडा तळाला येतो. दाह आज चालू आहे की नाही, हे सीआरपी उत्तम सांगतो. त्या दाहाने आत काय मोडून ठेवलंय, हे सांगायची सोयच त्याच्यात नाही.

आता आत काय होतं ते बघा. कावासाकीत मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा दाह होतो आणि त्यात सगळ्यात जास्त सापडतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी. पहिल्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि तिच्यातला लवचीक थर नष्ट करत जातात. तो थर गेला की रक्ताच्या दाबाने ती जागा फुगू लागते. याला एन्युरिझम म्हणतात, साध्या भाषेत फुगवटा. हे फुगणं ताप उतरल्याच्या दिवशी थांबत नाही. बहुतेक मुलांत कोरोनरी जास्तीत जास्त किती फुगणार हे स्पष्ट व्हायला आजार सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांपर्यंतचा काळ जातो. पुराचं पाणी ओसरलं म्हणून भिजलेली मातीची भिंत घट्ट होत नाही, उलट बऱ्याचदा ती पाणी उतरल्यावरच बसते.

आणि नेमक्या याच काळात प्लेटलेट चढतात. दुसऱ्या आठवड्यात वाढायला लागतात, तिसऱ्या आठवड्यात शिखर गाठतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा मुलाची स्लाइड पाहिली तर लाल पेशींच्या मधल्या जागा प्लेटलेटनी खचाखच भरलेल्या दिसतात. मेसेजवाला याला "ताकद भरून येतेय" म्हणतो. खरं तर फुगवट्यात रक्ताचा प्रवाह मंदावतो, तिथे गुठळी धरायला निमित्त लागत नाही आणि त्यात या जादा प्लेटलेट. म्हणजे मूल हसतंखेळतंय, सीआरपी उतरलाय, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडलाय, तोच हा काळ. या काळात इको टाळा असं लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय याची जाणीव असायला हवी होती.

बाहेरून बरं दिसणारं मूल आतून बरं असेलच असं नाही, हा धडा वैद्यकशास्त्राला फार महागात पडला. तोक्योमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी या आजाराचा पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा हा आजार आपोआप बरा होणारा, मागे काही न ठेवणारा वाटला होता. कोरोनरी दाखवणारा टूडी इको त्या वेळी नव्हताच. पुढे १९७० पर्यंत जपानमध्ये या आजारानंतर अचानक दगावलेल्या १० मुलांच्या शवविच्छेदनांची नोंद झाली आणि कारण हृदयात सापडलं. ताप जाऊन, पुरळ जाऊन, वरवर बरी झालेली मुलं होती ती. तीच चूक आज आपण हातात इको असताना का करायची?

अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०१७ चं कावासाकीवरचं निवेदन जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यात इकोचं वेळापत्रक स्पष्ट आहे: निदान होताना एक, उपचारानंतर एक ते दोन आठवड्यांत दुसरा, चार ते सहा आठवड्यांनी तिसरा. सीआरपी उतरला तर यातला एखादा गाळा, अशी सूट त्यात कुठेही नाही. कोरोनरी आधीच फुगलेली दिसली तर इको आणखी जवळजवळ करायला सांगितलेत. इकोत कोरोनरीचा व्यास मोजतात आणि मुलाच्या शरीराच्या आकारमानाशी ताडून झेड-स्कोअर काढतात. २ च्या आत ठीक, २.५ किंवा जास्त म्हणजे फुगवटा, १० किंवा जास्त म्हणजे अतिमोठा फुगवटा. रिपोर्टवर हा आकडा शोधा. "सीआरपी किती आला?" हे जितक्या काळजीने विचारता, तितक्याच काळजीने "झेड-स्कोअर किती?" हेही विचारा.

पैसे काढण्याच्या आरोपाबद्दल एवढंच म्हणते की टूडी इको म्हणजे सोनोग्राफीच. त्यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही.

"१० च्या आत असेल तर कावासाकी नसतो"

१० काय? मिलिग्रॅम प्रति लिटर की प्रति डेसिलिटर? मेसेजमध्ये एककच नाही. एका लॅबच्या रिपोर्टवर ४२ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर तेच रक्त ४.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असं छापून येईल. दोन्ही बरोबर आहेत. पण दुसरा रिपोर्ट हातात असलेला बाप हा मेसेज वाचून निर्धास्त होणार, आणि २०१७ च्या निवेदनात संशय असताना पुढचा तपास करायची मर्यादा तर ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. त्याच्या मुलाचा सीआरपी ती ओलांडून गेलेला आहे! १० चा आकडा बहुधा २००६ च्या जपानी गुणांकनातून उचललेला असावा. तिथे तो प्रति डेसिलिटर आहे आणि प्रश्नही वेगळा आहे: निदान झालेल्या कोणत्या मुलांना आयव्हीआयजी लागू पडणार नाही, याचा तो अंदाज आहे. कावासाकी आहे की नाही, हे त्यावरून ठरवत नाहीत.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. सीआरपी खूप चढलेला असेल तर कोरोनरीला धोका जास्त असतो, आणि तो उतरणं ही चांगलीच खूण आहे. सीआरपी वाढलेल्या प्रत्येक तापात कावासाकी शोधत बसायचं कारण नाही, बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्गच निघतो, हेही खरं. पण लक्षणं संशयास्पद असताना सीआरपी आणि ईएसआर कमी आले, तरी ते निवेदन "घरी जा, विसरा" म्हणत नाही. ताप टिकला तर पुन्हा तपासा, बोटांच्या टोकांची सालं निघू लागली तर इको करा, असं सांगतं.

"पाचही लक्षणं हवीत"

नकोत. पूर्ण स्वरूपाच्या आजारातसुद्धा पाच दिवस ताप आणि पाचपैकी चार लक्षणं पुरतात: डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ-जीभ लालबुंद, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ. तान्ह्या बाळांत तर एखाददुसरंच लक्षण दिसतं आणि कोरोनरीला धोका सगळ्यात जास्त त्यांनाच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप सात दिवस टिकला आणि कारण सापडत नसेल, तर कावासाकीचा विचार करायलाच हवा. पाचवं लक्षण उगवायची वाट पाहण्यात पहिले दहा दिवस निघून जातात. आयव्हीआयजी न मिळालेल्या मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांच्या कोरोनरीत फुगवटे येतात, पहिल्या दहा दिवसांत ते मिळालं तर हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर येतं.

"ईएसआर उतरला नाही, म्हणजे आयव्हीआयजी वाया गेलं"

ईएसआरसाठी आम्ही रक्त उभ्या नळीत भरून ठेवतो आणि एका तासात लाल पेशींचा थर किती मिलिमीटर खाली बसला ते वाचतो. रक्तात प्रथिनं जास्त असली की लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, जड होतात आणि वेगाने खाली बसतात. आयव्हीआयजी हे प्रथिनच आहे, तेही भरपूर मात्रेत दिलेलं. ते दिल्यावर ईएसआर वाढलेला दिसणारच! म्हणून आयव्हीआयजीनंतर ईएसआर विचारातच घेत नाहीत. उपचार लागू पडला की नाही हे आधी तापावरून ठरतं. सलाईन संपून ३६ तास उलटल्यावरही ताप राहिला किंवा परत आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

"ॲस्पिरिन विष आहे"

फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून एरवी मुलांना ते देत नाहीत. मेसेजमधला एवढा भाग खरा आहे. कावासाकीत मात्र ताप गेल्यावर ते अगदी कमी मात्रेत, दिवसाला दर किलो वजनामागे ३ ते ५ मिलिग्रॅम, प्लेटलेटच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात. चार ते सहा आठवड्यांनंतरचा इको स्वच्छ आला की डॉक्टर ते थांबवतात, फुगवटा असेल तर चालू ठेवतात. दरम्यान घरात कुणाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना सांगा. बारीकसारीक तापासाठी आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका, त्याने ॲस्पिरिनचा गुठळ्या रोखण्याचा गुण मारला जातो. आणि आयव्हीआयजीनंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी साधारण ११ महिने पुढे ढकलतात, तेही विचारून घ्या.

हा मेसेज वाचून कुणी इको आधीच चुकवला असेल, तर वेळ गेली म्हणून गप्प बसू नका, आत्ता करून घ्या. लहान फुगवटे बऱ्याच मुलांत वर्षा-दोन वर्षांत आकाराने पूर्ववत होतात, पण मोठे राहतात आणि पुढे त्याच जागी रक्तवाहिनी अरुंद होऊ शकते. लहानपणी निदान न झालेल्या कावासाकीमुळे ऐन तारुण्यात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. इको करायला जाताना पहिल्या इकोचा रिपोर्ट, आयव्हीआयजी कोणत्या दिवशी दिलं त्याची नोंद आणि मुलाचं आजचं उंची-वजन एवढं बरोबर न्या.