तानपुरा, दीड सवारी

कॉलेजात इंटर्नशिप सक्तीची झाली आणि आमच्या बी.कॉम.च्या वर्गातली निम्मी मंडळी सीएंच्या ऑफिसात जीएसटीची बिलं लावायला बसली. माझ्या वाट्याला आली शाळाशाळांतून मुलांना आपल्या कलांची ओळख करून देणारी एक संस्था.

"देणार किती?" आईनं विचारलं.

"पैसे नाहीत गं, प्रमाणपत्र मिळेल."

"छान. पहिल्या तारखेला वाण्याला तेच दाखव."

आजी मात्र हरखली. बडोद्यात राहून गाण्याचं काम करायचं नाही तर काय करायचं, असं तिचं म्हणणं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी इथे १८८६ मध्ये गायनशाळा काढली, फैयाज खाँसाहेब इथलेच दरबारी गवई. आजीच्या वडिलांनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं. ते त्यांनी ऐकलं हे आम्ही आजीकडून रोज ऐकतो.

तर मी गेले. मला वाटलं होतं, आपण राग ओळखायला शिकू, चार मोठ्या माणसांशी बोलू. प्रत्यक्षात मी सतरंजी झटकायला शिकले. संस्थेच्या बेन अतिशय सज्जन बाई. कुठलीही अडचण सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "थई जशे," होऊन जाईल. थई जशे म्हणजे ते मी करायचं, हे कळायला फार वेळ लागला नाही.

कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनानं. शाळेचा हॉल, जूनचा उकाडा. पंखा चालू ठेवला तर समई विझते, बंद केला तर प्रमुख पाहुणे. मग मुख्याध्यापकांचं भाषण, त्यात हमखास १९०६ चं साल. त्या साली महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड बसे. संस्थेला दंडाचे अधिकार नसल्यामुळे आम्ही बिस्किटं वाटतो.

मुलांना घेऊन आम्ही तांबेकर वाड्यातही जायचो. दिवाण भाऊ तांबेकरांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर महाभारत आहे, कृष्णलीला आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे. मी घोकून आलेली माहिती सांगत होते, तेवढ्यात चौथीतल्या एकानं हात वर केला. "दीदी, यांनी भिंतीवर काढलं तेव्हा यांना कुणी ओरडलं नाही?" माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. शाळेच्या बाईंनीच विषय पाण्याच्या बाटल्यांकडे वळवला.

पण माझी खरी परीक्षा घेतली ती तानपुऱ्यानं. हल्ली गवई मोबाइलवरच तानपुरा लावतात, सूर चोख असतो आणि खिशात मावतो. बेनना ते मंजूर नव्हतं. मुलांनी खरा भोपळा पाहिला पाहिजे, त्याला हात लावून तो घुमताना जाणवला पाहिजे. तात्त्विकदृष्ट्या मला हे शंभर टक्के पटतं. फक्त तात्त्विकदृष्ट्या तानपुरा उचलावा लागत नाही.

तो मिरजेचा होता, उंची माझ्या खांद्यापर्यंत. गवसणी चढवून अलकापुरीच्या ऑफिसातून मी तो रिक्षात घातला, तेव्हा भोपळा मांडीवर, दांडी बाहेर. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा मला पाहिलं, एकदा त्याला, आणि "सितार"ची अर्धी सवारी जास्त पडेल असं सांगितलं. सितार नव्हे, तानपुरा, असं मी म्हणाले. मग तर पूर्ण सवारी होईल, तो म्हणाला. न्यायमंदिराच्या गर्दीत एका स्कूटरवाल्याच्या हेल्मेटला दांडी निसटती लागली. त्यानं मागे वळून पाहिलं आणि चक्क नमस्कार केला. गवसणी भगवी होती, काहीतरी देवाचं असावं असं त्याला वाटलं असणार.

कार्यक्रम संपला आणि पाऊस सुरू झाला. बडोद्याचा माणूस पुढचं ओळखेल: अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी. गायला आलेल्या बुवांनी जाता जाता बजावलं होतं, तानपुऱ्याला ओल लागू द्यायची नाही, खुंट्यांना हात लावायचा नाही, तारांखालच्या जवारीला तर अजिबात नाही. बेनना फोन केला. "आज तारे घेर राखी ले. थई जशे."

अशा रीतीनं तो दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत मुक्कामाला आला. आई म्हणाली, जमिनीवर नको, वाड्याला ओल आहे. आजी म्हणाली, उभा नको, मांजर आहे. सर्वानुमते त्याला दिवाणावर निजवलं, भोपळ्याखाली बाबांची उशी दिली. बाबा ऑफिसातून आले, त्यांनी आपल्या जागेवर कोण झोपलंय ते पाहिलं आणि काही न बोलता चटई काढली.

बातमी वाड्यात पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. खालच्या काकू आल्या, मागच्या गॅलरीतल्या जाडेजाबेन आल्या, त्यांची नातवंडं आली. गवसणी नुसती सरकवून बघायची असं ठरलं होतं. पण आजीनं तर्जनी तारेवरून अलगद फिरवली, तार बोलली आणि मग कोण थांबतंय! काकूंनी भजन धरलं ते काळी पाचच्या पट्टीत, तानपुरा लावलेला काळी एकला. दोघांपैकी कुणीही हटलं नाही. जाडेजाबेननी गरबा सुचवला. बाबा चटईवर कुशी बदलत होते.

दुसऱ्या दिवशी फीडबॅक फॉर्मांचा गठ्ठा भरायला बसले. "कार्यक्रमामुळे तुमच्यात कोणता बदल झाला?" या प्रश्नाला एका मुलीनं लिहिलं होतं, "भूक लागली." एकानं नुसतं "हो". यातून मला देणगीदारांसाठी सांस्कृतिक जाणिवेतली वाढ टक्क्यांत काढायची होती. ताळेबंद जुळवायला मी शिकलेय, पण भुकेचं काय करायचं हे कुठल्याच पेपरात नव्हतं. शेवटी मी बेनना आमच्या घरचा प्रकार सांगितला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"केटला जण हता?"

मी मोजून सांगितलं. आजी आणि काकू ज्येष्ठ नागरिकांच्या रकान्यात गेल्या, नातवंडं बालकांच्या, जाडेजाबेन "इतर भाषिक"मध्ये. शेऱ्यात बेननी लिहिलं: समुदायाचा सहभाग, उत्तम. बाबांची धरलेली पाठ मात्र कुठल्याच रकान्यात बसेना.